डाव्या पोटरीचं माप

मावशींचा एक नियम होता आणि तो त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. कपडा बसला नाही तर चूक शिंपिणीची. अंगाची नाही. मागल्या वर्षी शिवलेला कोट घेऊन एखादी बाई यायची, बटणं लावताना लालबुंद व्हायची, पोट आत ओढून ओढून बिचारी अर्धमेली व्हायची, आणि मावशी हातातला खडू खाली ठेवून म्हणायच्या, "अगं बाई, माझाच टाका चुकला बघ. काढ, उसवून देते." बाईचा जीव भांड्यात पडायचा. खरं काय ते दोघींनाही ठाऊक असायचं. पण खरं बोलून कुणाचं भलं झालंय, असा मावशींचा सवाल होता, आणि दुकान त्याच सवालावर उभं होतं.

दुकान म्हणजे दीड खोली. पुढच्या अख्ख्या खोलीत त्यांचे यजमान पुरुषांच्या पँटी शिवत. त्यांना सगळं गाव मास्तर म्हणे, म्हणून मावशीही चारचौघांत मास्तरच म्हणत. मास्तरांना माणसं ओळखू येत नसत. समोरून सख्खा मेहुणा आला तरी ते आधी त्याच्या पँटकडे बघत, आणि शिवण आपली असेल तरच मान वर करत. मागची अर्धी खोली मावशींची. एक मशीन, एक उभा आरसा, कपडे काढून टांगायला तीन खुंट्या, आणि एक पडदा, जो ओढला की खोली आणखी अर्धी होई.

तीन वर्षांपूर्वी समोरच्या बँकेच्या वरच्या मजल्यावर एक क्लिनिक आलं. पांढरे पडदे, पांढऱ्या खुर्च्या, दार उघडलं की लिंबासारखा वास. तिथे नाकं सरळ होत, हनुवट्या टोकदार होत आणि पोटामांड्यांवरची चरबी नळीनं ओढून काढली जाई. चरबी काढल्यावर सहा आठवडे छातीखालपासून घोट्यापर्यंत एक घट्ट कपडा घालावा लागतो, दाबाचा. तयार मिळणारे कपडे एका अंगाला सैल आणि दुसऱ्या अंगाला आवळ व्हायचे. मग एक दिवस डॉक्टर स्वतः जिना उतरून आले, मास्तरांच्या पँटींतून वाट काढत मागच्या खोलीत आले आणि म्हणाले, "मावशी, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही." एवढा मोठा माणूस, पण बसायला स्टूल दिलं तरी बसला नाही, उभ्याउभ्याच बोलला. मावशी विरघळल्या. बोलणारा गोड होता हे खरं, पण कामही चोख सांगायचा. डॉक्टर वाईट होता असं मावशी त्या वेळी म्हणाल्या नाहीत आणि आजही म्हणत नाहीत.

क्लिनिकनं त्यांच्याकडून एका कागदावर सही घेतली होती. येणाऱ्या बाईचं नाव विचारायचं नाही, चिठ्ठीवर नुसता नंबर असेल, दर वर्षी एकपासून सुरू. बाहेर कुठे दिसली तर ओळख दाखवायची नाही. आणि माप घ्यायचं, शेरा मारायचा नाही. पहिल्या दोन अटी मावशींना सोप्या गेल्या. तिसरीनं मात्र त्यांना घाम फोडला, कारण माप घेताना बोलायचं नाही हे त्यांच्या जिभेला माहीतच नव्हतं. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. क्लिनिकची बाई आली की त्या चार टाचण्या तोंडात धरत. ओठ मिटलेले राहिले की शेरा बाहेर पडायचा प्रश्नच नाही.

या वर्षीची बावीस नंबर आली ती एका सोमवारी, ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी. तिशीच्या थोडी पुढची, केस मागे घट्ट बांधलेले, दिवसभर पायांवर उभं राहणाऱ्या बाया चालतात तशी चाल. राखाडी पँट तिनं नीट घडी मोडू न देता खुंटीला लावली. मावशींनी टेप टाकली आणि मनातल्या मनात खूश झाल्या. सगळी मापं एकमेकांना धरून. छाती, कंबर, मांडी, आणि दोन्ही पोटऱ्या सव्वाचौदा. हिला झगा शिवायचा तर एक चिमटीसुद्धा घ्यावी लागणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग लगेच दुसरं मनात आलं, की अरे, मग हिचं काढणार तरी काय आहेत?

ती आरशात स्वतःच्या पोटाकडे बघत होती. खराब निघालेलं फळ माणूस दुकानात परत घेऊन जातो आणि दुकानदारापुढे धरतो, तशी.

"किती आली कंबर?" तिनं विचारलं.

मावशींनी चिठ्ठीवर लिहून दाखवली. एकतीस.

"खूप ना?" ती म्हणाली.

मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी टेप गुंडाळली आणि चिठ्ठीवर पुढचं माप लिहिलं.

ऑपरेशन झालं. पहिला आठवडा क्लिनिकच्या तयार कपड्यात काढून आठव्या दिवशी, मंगळवारी, बावीस नंबर नवा कपडा घालून बघायला आली. चेहरा उतरलेला, पण ते सगळ्यांचंच उतरतं. मावशींनी कपडा खालून वर चढवायला घेतला. उजव्या पायाची चेन सर्रकन घोट्यापासून मांडीपर्यंत गेली. डाव्या पायाची पोटरीपाशी अडकली ती अडकलीच. मावशींनी ओढली, मग त्या गुडघ्यांवर बसल्या, मग जीभ बाहेर काढून ओढली. चेन हलेना.

"आई गं," बावीस नंबर म्हणाली. "तिथे दुखतंय. गोळा आल्यासारखं झालंय दोन दिवस."

मावशींनी टेप लावली. डावी पोटरी साडेपंधरा. त्यांनी पुन्हा लावली. साडेपंधरा. चिठ्ठीवर तर सव्वाचौदा होतं, त्यांच्याच अक्षरात. पोटरीला हात लागला तेव्हा ती गरम वाटली, पण खोलीतही उकडत होतं.

"काय झालं मावशी?" तिच्या आवाजात भीती होती. "माझं काही बिघडलंय का?"

आता एकतीस वर्षं एकाच रुळावरून धावणारी जीभ ऐन वेळी दुसरीकडे कशी वळणार? टाचण्या त्या दिवशी मशीनशेजारच्या लहानशा उशीलाच टोचलेल्या होत्या, हेही दुर्दैवच म्हणायचं. मावशी म्हणाल्या, "तुमचं कशाला बिघडेल? माझंच माप चुकलं. तेव्हा लिहिताना घोळ झाला असणार. बसा दोन मिनिटं."

आतल्या शिवणीत त्यांनी नेहमीप्रमाणे भरपूर माया, म्हणजे वाढीव कापड, सोडलेली होती. डाव्या पायाची शिवण उसवून त्यांनी सव्वा इंच वाढवून दिली. चेन वर गेली. बावीस नंबरनं सुस्कारा सोडला, मावशींचा हात दाबला आणि म्हणाली, "मी उगाच घाबरले होते." राखाडी पँट वर चढवून ती थोडी लंगडत गेली.

ती गेल्यावर मावशींना कुठेतरी खटकलं. पण नेमकं काय खटकतंय हे त्यांना सांगता येईना. पहिलं कारण तर अभिमानाचंच होतं. एकतीस वर्षांत शेकडो वेळा त्या "माझं माप चुकलं" म्हणाल्या होत्या, पण माप खरोखर चुकलेलं एकदाही त्यांना आठवत नव्हतं. दुपारी भाकरतुकडा खाताना त्यांनी मास्तरांपुढे विषय काढला.

"टेप म्हातारी झाली तुझी," मास्तर म्हणाले. "कापडाची टेप ओढून ओढून लांबते. माझ्याकडे बघ, मी लोखंडी पट्टी वापरतो."

"लोखंडी पट्टी पोटरीला गुंडाळून दाखवा मला."

"मी पोटऱ्या मोजतच नाही. मी पँट शिवतो."

मावशींनी लगेच उठून टेप लोखंडी पट्टीशेजारी ठेवली. आणि काय आश्चर्य, टेप खरंच लांबली होती. पंधरा इंचांत पाव इंचाचा फरक पडत होता. मावशींना इतका आनंद झाला की त्यांनी मास्तरांना आपल्या ताटातलाही घास काढून दिला. चोर सापडला होता. पाव इंच टेपचा आणि उरलेला घोळ लिहिण्याचा. त्या मशीनवर जाऊन बसल्या आणि एका बाईच्या झग्याला बाही लावायला घेतली.

बाही निम्मी लागली आणि त्यांचा पाय मशीनवर थांबला. टेप म्हातारी असेल, पण दोन्ही पायांना तीच टेप लावली होती. लांबली तर दोन्हीकडे सारखीच लांबली असणार. आणि लिहिण्यात घोळ झाला म्हणावं तर उजव्या पायाची चेन सुतासारखी सरळ कशी गेली? दोन्ही पाय एकाच कागदी नमुन्यावर कापले होते. तीन आठवड्यांपूर्वी दोन्ही पोटऱ्या सारख्या होत्या हे त्यांच्या हातांना आठवत होतं. चिठ्ठी खोटं बोलेल, टेप खोटं बोलेल. हात कसे बोलतील?

बरं, चरबी काढली ती पोटाची आणि मांड्यांची. पोटरीला तर कुणी हातच लावला नव्हता. मग ती का सुजावी? आणि सुजायची तर एकटीच का? मावशींनी बाही पूर्ण केली तेव्हा लक्षात आलं की ती उलटी लागली आहे.

बुधवारी सकाळी त्या रस्ता ओलांडून क्लिनिकमध्ये गेल्या. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी बसायची. तिचा पांढरा कोट मावशींनीच आवळून दिलेला होता, त्यामुळे ती त्यांना मानत असे.

"डॉक्टर आहेत का गं?"

"डॉक्टर सोमवार आणि शुक्रवार. आज दुसऱ्या गावी आहेत, तिथे ऑपरेशनं असतात."

"मग नर्स?"

"नर्सही त्यांच्याबरोबर. काय झालं मावशी? मला सांगा ना."

मावशींनी सांगितलं. सव्वाचौदा, साडेपंधरा, डावी, उजवी, टेप, चेन, सगळं. सांगताना त्यांचं त्यांनाच ते खुळ्यासारखं वाटायला लागलं. शिंपीण येऊन पोटरीचं सांगतेय! मुलीनं मात्र नीट ऐकून घेतलं, खणातून एक कागद काढला आणि त्यावर बोट फिरवून वाचलं, "सूज येणे सामान्य आहे. चार ते सहा आठवड्यांत उतरते. वेदना होणे सामान्य आहे. बघा, दोन्ही दिलंय."

"एकाच पायाला येते असं दिलंय का?"

मुलीनं कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता. "पायांचं काही दिलेलं नाही," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

"तिचा पत्ता दे मला. जाऊन बघून येते."

"मावशी, पत्ता कसा देऊ? तुम्हीच सही केलीय ना. त्या बाईनं घरीसुद्धा सांगितलेलं नाही, आईला वाटतंय ती ट्रेनिंगला गेली होती. तुम्ही दारात उभ्या राहिलात तर काय होईल?" मग मावशींचा चेहरा बघून तिला कळवळा आला. "थांबा, मी फोन करते."

तिनं तिथल्या तिथे फोन लावला. हो हो, असं का, अरे वा, असं दोन मिनिटं चाललं. मावशींनी फोनसाठी हात पुढे केला तोवर तिनं तो ठेवूनही दिला होता.

"छान आहे ती," मुलगी म्हणाली. "आजपासून कामावर गेलीय. म्हणते, काल फार घाबरले होते, पण मावशींनी माप चुकलं म्हणून सांगितलं आणि कपडा सैल करून दिला, तेव्हापासून निर्धास्त आहे. बघा, तुमच्यामुळेच बरं वाटतंय तिला!"

मावशी जिना उतरल्या. आपण काय ऐकलं, ते बरं की वाईट, त्यांना काही केल्या कळेना. कौतुक तर झालं होतं. मग ते गोड का लागेना? शिकलेली माणसं सामान्य म्हणतात, छापील कागद सामान्य म्हणतो, ती बाई स्वतः बरी आहे म्हणते. आणि इथे चौथीत शाळा सोडलेली एक बाई एका पोटरीसाठी जिने चढते उतरते आहे. म्हणजे वेड कुणाला लागलंय ते उघडच आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांना त्या बाईचं फोनवरचं वाक्य आठवलं. मावशींनी माप चुकलं म्हणून सांगितलं. म्हणजे ती निर्धास्त होती ती डॉक्टरच्या शब्दावर नाही. मावशींच्या.

"अहो," दुकानात शिरल्याशिरल्या त्या मास्तरांना म्हणाल्या, "काल ती बाई आली होती ना, ती कुठे काम करत असेल?"

"कुठली बाई?"

"काल सकाळी तुमच्यासमोरून आत गेली ती! थोडी लंगडत बाहेर पडली."

"मी बाया बघत नाही," मास्तर सात्त्विक संतापानं म्हणाले. मग थोडं थांबून, "ती राखाडी पँट का? खिशाला हिरवी पट्टी?"

"हो, हो, तीच!"

"पुलापलीकडच्या चष्म्याच्या मोठ्या दुकानाची. सगळ्यांना तोच गणवेश. हिरवी पट्टी काय वाकडी लावलीय! माझ्याकडे काम असतं तर मी असली पट्टी दुकानाबाहेर जाऊ दिली नसती."

लग्नानंतर इतक्या वर्षांनी मावशींना नवऱ्याच्या या खोडीचा पहिल्यांदा उपयोग झाला. तरी त्या लगेच निघाल्या नाहीत, हेही सांगायला हवं. बुधवारचा उरलेला दिवस त्यांनी जाऊ की नको यात घालवला. सही केलेला कागद होता, तिची आई होती, आपण चुकलो तर होणारी शोभा होती. गुरुवारी सकाळी दुकान उघडल्यावर त्यांनी टेप पिशवीत टाकली आणि मास्तरांना "दोरे आणते" म्हणून सांगितलं.

चष्म्याच्या दुकानात चहूकडे आरसे होते. बावीस नंबर काउंटरच्या टोकाला होती, आणि बाकीच्या दोघी उभ्या असताना ती एकटी स्टुलावर बसली होती. मावशींना बघून तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. शेजारच्या मुलीनं विचारलं, "तुमच्या ओळखीच्या?" तर ती म्हणाली, "नाही. काय हवंय आपल्याला?"

ओळख दाखवायची नाही हा नियम मावशींना पाठ होता, पण त्याची टोचणी दुसऱ्या बाजूला कशी लागते हे आज कळलं. "जवळचं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "डोळे तपासायचेत."

आत डोळे तपासायची लहानशी खोली होती. दार लोटलं की निम्मा काळोख, समोर उजेडातली अक्षरं, वरची मोठी आणि खाली खाली बारीक. दार लागताच बावीस नंबर दबक्या आवाजात त्यांच्यावर तुटून पडली. "तुम्ही इथे कशा? कुणी पत्ता दिला? इथे कुणाला माहीत नाहीये, मावशी! माझी नोकरी, माझी आई, काही कळतंय का तुम्हाला?"

"मला काहीच कळत नाही," मावशी म्हणाल्या. हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत खरं वाक्य होतं. "पाय दाखव मला फक्त."

"पाय बरा आहे. तुम्हीच सांगितलंत ना, माप चुकलं म्हणून?"

मावशींनी खुर्चीचा हात धरला. शेवटी बोलावंच लागलं. "मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांशीच तसं बोलते. कोणाला वाईट वाटू नये म्हणून बोलते, सवयच आहे ती. माप बरोबर होतं गं. शिलाई बरोबर होती. चूक तुझ्या पायात आहे. काय चूक आहे ते मला माहीत नाही, पण शिवणीत नाही एवढं मला माहीत आहे."

बावीस नंबरनं पँट उतरवली आणि कपड्याच्या दोन्ही चेनी खाली ओढल्या. मावशींनी आधी उजव्या पायाला टेप लावली आणि तिलाच वाचायला सांगितलं. सव्वाचौदा. मग डाव्या पायाला. ती वाकून बघत राहिली, आणि तिनं आकडा वाचला नाही. सोळा होते.

"दम लागतो का?" मावशींनी विचारलं. का विचारलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं, तिला बोलताना मध्येमध्ये थांबावं लागत होतं म्हणून असेल.

"सकाळी जिना चढताना लागला. मला वाटलं, अशक्तपणा." ती एकदम लहान मुलीसारखी दिसायला लागली. "तुम्ही येता का माझ्याबरोबर?"

पुढचं सगळं भराभर झालं, म्हणून मावशींना त्यातलं तुटक तुटक आठवतं. मोठ्या हॉस्पिटलची लांब ओळ, आणि दम लागतो म्हटल्याबरोबर ओळीतून बाहेर काढून नेणारा वॉर्डबॉय. खिडकीतला माणूस म्हणाला, पेशंटचं नाव? आणि मावशींच्या तोंडून निघालं, बावीस नंबर. तो म्हणाला, टोकन नाही, नाव सांगा. पेशंट शेजारीच चाकाच्या खुर्चीत होती, तिनं सांगितलं. तीन वर्षांत क्लिनिकच्या कुठल्याही बाईचं नाव मावशींनी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकताच त्यांना का कोण जाणे, रडू फुटलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या आणि घाईत होत्या. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती. तिचा एक बारीक तुकडा फुप्फुसापर्यंत गेलेला होता. असल्या ऑपरेशननंतर असं होऊ शकतं, त्या म्हणाल्या, आणि एकच पोटरी सुजली तर त्याच दिवशी दाखवायला हवं. "मंगळवारी कळलं होतं ना? मग आज गुरुवार आहे. मधले दोन दिवस काय केलंत?"

बावीस नंबरनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी जमिनीकडे.

"अजून एकदोन दिवस गेले असते तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य पुरं केलं नाही, त्यांना दुसरीकडून हाक आली. पण रक्त पातळ करायचं इंजेक्शन तोवर देऊन झालं होतं.

शुक्रवारी क्लिनिकच्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ. "मावशी, तुमचे उपकार आहेत. पण मला कळवायचंत ना. असं परस्पर तिच्या कामाच्या जागी जाणं बरोबर नाही, तुम्ही सही केली होतीत."

"मी बुधवारी आले होते की, डॉक्टर. काउंटरवर सगळं सांगितलं होतं."

"माझ्यापर्यंत आलं नाही," ते म्हणाले. आणि मावशींना वाटलं, हे ते खरंच बोलत असावेत. "त्या मुलीनं कागदात बघून सांगितलं असणार. कागद बदलायला हवा."

"कागद बदला," मावशी म्हणाल्या. "पण बुधवारी डॉक्टर कुठे असतो, तेही एकदा बघा."

फोन ठेवल्यावर आपल्याला शाबासकी मिळाली की कानउघाडणी झाली, हे मास्तरांना समजावून सांगणं त्यांना जमलं नाही. काउंटरवरची मुलगी मात्र संध्याकाळी येऊन ढसाढसा रडून गेली. तिचं तरी काय चुकलं होतं? तिला कागद दिला होता, तो तिनं वाचला. डॉक्टरांनी ऑपरेशन चांगलं केलं होतं, असं मोठ्या हॉस्पिटलातल्या बाईही म्हणाल्या. ज्यानं त्यानं आपापलं काम नीट केलं होतं आणि त्यातूनच एक बाई मरता मरता राहिली होती. मावशींनी हा गुंता सोडवायचा फार प्रयत्न केला. दोऱ्याचा असता तर सुटला असता.

चौथ्या दिवशी त्या हॉस्पिटलात बावीस नंबरला भेटायला गेल्या. नाव कळलं होतं तरी मनात तोच आकडा बसला होता. तिची आई नुकतीच घरी गेली होती. आईला सगळं कळलं होतं, आणि आई ओरडली नव्हती, नुसती तिच्या कपाळावर हात ठेवून बसली होती, असं ती म्हणाली. पाय उशीवर ठेवलेला होता. मावशींना राहवलं नाही, त्यांनी टेप काढली. पंधरा.

"उतरतंय," त्या म्हणाल्या.

"तुम्ही मला वाचवलंत, मावशी."

"मी तुला दोन दिवस उशीर केला."

मावशींनी टेप गुंडाळून पिशवीत ठेवली. मग ती छताकडे बघत म्हणाली, "एक विचारू? खरं सांगाल? मी पहिल्यांदा आले होते तेव्हा, माप घेताना तुम्हाला काय वाटलं होतं? माझ्याबद्दल."

मावशी खोटं बोलू शकल्या असत्या, आणि सवयही होती. पण त्यांनी सांगितलं. "वाटलं होतं, हिला झगा शिवायला किती सोपा जाईल. कुठे चिमटीसुद्धा घ्यावी लागणार नाही. आणि हिचं काढणार काय आहेत, असंही वाटलं."

ती उठून बसायला गेली आणि पायात कळ आली म्हणून पुन्हा टेकली. "मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "आरशासमोर. खूप ना, म्हणून. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, खरंच खूप असणार, म्हणूनच या गप्प बसल्यात."

"माझ्या तोंडात टाचण्या होत्या गं."

"हो," ती म्हणाली. "मला आठवतंय."

त्या दिवशी आपण बोललो असतो तर ती जिना चढून वर गेली असती की नसती, हे मावशींना आजही ठरवता येत नाही. बावीस नंबरलाही नाही, त्यांनी एकदा तिला विचारून पाहिलं. क्लिनिकच्या चिठ्ठ्या महिनाभर बंद होत्या, मग पुन्हा येऊ लागल्या. तेवीस नंबर आली, कपडे खुंटीला लावून आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःच्या दंडाकडे बघून म्हणाली, "फार जाड आहेत ना?" मावशींनी टाचण्या तोंडातून काढून उशीला टोचल्या आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.